चार म्हाताऱ्यांची चतुःसीमा

एका जंगलात, बाळांनो, दगड ढिगानं होते. नदीत होते, डोंगरावर होते, काहींच्या डोक्यातही होते. फक्त जमिनीच्या सीमेवर एकही नव्हता.

त्या जंगलात सीमेला दगड लावायची पद्धत नव्हती. सीमेला म्हातारे बसवायची पद्धत होती.

हसू नका. ऐका.

कुणी जमीन घेतली की चार वडीलधारी मंडळी यायची आणि चार बाजूंना बसायची. कागदावर लिहिलं जायचं, पूर्वेस अमुक तात्या, पश्चिमेस तमुक आजी. चौघांच्या मधली जमीन तुमची. झाला व्यवहार. दगडाचं काय, आज आहे उद्या नाही. थोरांचा शब्द मात्र कायमचा. हे कोण सांगायचं? थोरच सांगायचे.

तर या जंगलात सोपान नावाचं एक साळिंदर होतं. त्याची बायको चंद्रकला. दोघं घूसकाकूंच्या बिळात भाड्यानं राहायची. चंद्रकलाला दिवस गेले होते. पोटात दोन पिल्लं आहेत हे कळल्याबरोबर घूसकाकू दारात उभ्या राहिल्या.

"दोघांना दिलं होतं बीळ. आता चार होणार. चौघांचे काटे भिंतीला लागणार. अमावस्येच्या आत खाली करा."

"काकू, पिल्लांचे काटे मऊ असतात जन्मताना," सोपान म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत कडक होतात. मला शिकवू नकोस."

अमावस्येला बारा दिवस होते. चंद्रकलाचे दिवस भरायलाही तेवढेच उरले होते. आणि बाहेर बिबट्या होता. तो कुणाला नोटीस देत नसे.

सोपानचे वडील नाना. त्यांना हे कळलं तेव्हा ते चिंचेखाली पडले होते. पडल्या पडल्याच त्यांनी उपाय सांगितला.

"प्लॉट घ्या. मी तुझ्या वयाचा असताना प्लॉट घेतला होता. तुमच्या पिढीला नुसतं भाडं भरायला हवं. जबाबदारी नको."

ही गोष्ट सगळ्या जंगलाला ठाऊक होती. नानांचा प्लॉट होता. त्याचा कागद बांबूच्या नळीत होता आणि नळी कायम नानांच्या काखेत असायची. प्लॉट मात्र कुणी बघितला नव्हता. विचारायचं कसं? मोठ्या माणसाला असलं विचारत नाहीत.

"नाना म्हणतात म्हणजे काहीतरी विचार करूनच म्हणत असतील," सोपान म्हणाला.

बाळांनो, या एका वाक्यानं जेवढी घरं बुडाली तेवढी पुरानं बुडाली नसतील.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दारासमोर भारद्वाज येऊन बसला. तुम्हाला माहीतच आहे, भारद्वाज दिसणं शुभ. तांबडे पंख, लाल डोळे, घुमणारा आवाज. त्या जंगलातल्या भारद्वाजानं याचाच धंदा केला होता. तो जमिनींची दलाली करायचा. गिऱ्हाइकाच्या डाव्या बाजूनं उजवीकडे जायचा. एवढं केलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलं असे.

"वहिनी, दर्शन झालं ना? मग काम झालं म्हणून समजा. चला, साईट दाखवतो."

साईट म्हणजे एक उघडं माळरान होतं. मधोमध काही नाही. एका कडेला मोठं जांभळीचं झाड.

"पाणी?" चंद्रकलानं विचारलं.

"नदी पाच मिनिटांवर."

"कुणाची पाच मिनिटं?"

"हरणाची," भारद्वाज म्हणाला. "पण तुम्ही भविष्य बघा ना वहिनी! इथून हत्तींची वाट जाणार आहे. मंजूर झालीय. घराला लागून रस्ता!"

"हत्ती घरावरून गेले तर?"

"वहिनींना फार शंका," भारद्वाज सोपानकडे बघून हसला. सोपानही हसला. त्याला वाटलं हसायचं असतं.

किंमत काट्यांत ठरली. त्या जंगलात साळिंदराच्या काट्याला फार मागणी होती. दात कोरायला, पाठ खाजवायला, कानात घालायला. विशेषतः म्हाताऱ्यांकडून. एवढ्या जमिनीला सोपानच्या अंगावरचे सगळे काटे आणि चंद्रकलाचे जवळजवळ सगळे. शिवाय चार सीमांना बसायचा मान वेगळा, तोही काट्यांतच.

"अंगावर काय राहील मग?" चंद्रकला म्हणाली.

"काटे काय, परत येतात," नाना म्हणाले. "जमीन परत येत नाही."

हे म्हणताना नानांच्या अंगावर सगळे काटे शाबूत होते.

आठ दिवस काटे काढणं चाललं होतं. सोपान दात आवळून बसायचा, चंद्रकला उपटायची. मग ती बसायची, तो उपटायचा. आठव्या दिवशी दोघं एकमेकांकडे बघत राहिली. साळिंदर काट्यांशिवाय कसं दिसतं माहितेय? मोठ्या उंदरासारखं. घाबरलेल्या मोठ्या उंदरासारखं. बिबट्याला तर जेवणाच्या ताटासारखं.

नवव्या दिवशी मुहूर्त होता. सूर्योदयाला.

चारही सीमा वेळेवर आल्या. पूर्वेला गवातात्या बसले. पश्चिमेला घोरपडआजी. दक्षिणेला कासवआप्पा. उत्तरेला दर वेळी एक म्हातारा वानर बसायचा, पण तो नुकताच वारला होता. म्हणून उत्तर सीमेचा मान नानांना मिळाला.

नाना इतके फुलले की दुप्पट दिसायला लागले. "माझ्या पोराच्या प्लॉटला मी स्वतः उत्तर सीमा! असं भाग्य लागतं."

नारळ फुटला. भारद्वाजानं सागाच्या पानावर कागद केला. पूर्वेस गवातात्या, पश्चिमेस घोरपडआजी, दक्षिणेस कासवआप्पा, उत्तरेस नाना साळिंदर. यांच्या मधील समस्त जमीन चंद्रकला व सोपान यांची, पिढ्यान्‌पिढ्या.

"नाव माझं आधी लिहा," असं चंद्रकलानं बजावलं होतं. तिच्या अंगावर मुळातच काटे जास्त, म्हणून तिचे शंभर जास्त गेले होते.

मग तिनं एक काम केलं. पायानं चार दगड ढकलत आणले आणि गवातात्यांच्या शेजारी त्यातला एक ठेवायला गेली.

"हे काय?" तात्या म्हणाले.

"खूण. तुम्ही उठून गेल्यावर कळायला हवं ना, सीमा कुठे होती."

घोरपडआजींची जीभ बाहेर आली ती आत जायला तयार होईना.

"आम्ही जिवंत असताना दगड?" कासवआप्पा म्हणाले. "माझं वय दीडशे. माझ्यापेक्षा तो धोंडा विश्वासाचा?"

"आजकालच्या सुना!" आजी म्हणाल्या. "आम्ही सासऱ्यासमोर मान वर केली नाही. आणि ही सासऱ्यासमोर दगड ठेवते!"

"सूनबाई," नाना म्हणाले, "चार लोकांत माझी शोभा करू नकोस. उचल ते."

सोपाननं दगड उचलले आणि लांब नेऊन टाकले. चंद्रकलानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

मंडळी पेढे खायला लागली. चंद्रकला खोदायला लागली. तिला पेढ्यांना वेळ नव्हता.

सकाळ संपली. ऊन चढलं. आता, बाळांनो, म्हातारं माणूस उन्हात बसेल का? गवातात्या उठले आणि जांभळीकडे सरकले. थोड्या वेळानं आजी सरकल्या. मग नाना. कासवआप्पा निघाले ते सगळ्यांच्या आधी, पोचले सगळ्यांच्या नंतर. भर दुपारी चारही सीमा जांभळीच्या बुंध्याशी सावलीत खेटून बसल्या होत्या. चौघांच्या मध्ये पानाचा डबा होता.

चंद्रकलाचं बीळ अर्धं झालं होतं. तेवढ्यात भारद्वाज उडत आला.

"वहिनी, थांबा. हे अतिक्रमण आहे."

"काय आहे?"

"तुम्ही तुमच्या प्लॉटच्या बाहेर खोदताय. कागद बघा. पूर्वेस गवातात्या. तात्या कुठे आहेत? तिथे. पश्चिमेस आजी. त्या कुठे आहेत? तिथेच. मग प्लॉट कुठे आहे?"

सोपाननं जांभळीकडे बघितलं. चार म्हाताऱ्यांच्या मध्ये पानाचा डबा मावेल एवढी जागा होती. तिथे पानाचा डबा होता.

"पण आम्ही एवढी मोठी जमीन घेतली!"

"घेतलीत ना. सकाळी ती तेवढी होती. अहो साहेब, जमीन म्हणजे चढउतार असतोच. संध्याकाळी मंडळी वाऱ्याला जातील तेव्हा वाढेल पण."

संध्याकाळी मंडळी वाऱ्याला गेली. नदीच्या वाळूवर. प्लॉटही गेला. सोपान उघड्या पाठीनं त्याच्यामागे पळत गेला. पळता पळता विचारत होता, "तात्या, जरा डावीकडे सरकता का? निम्मं पाण्यात येतंय."

तक्रार करायची ठरली. जमिनीच्या भांडणाचा न्याय पंच करायचे. पंच कोण? गवातात्या, घोरपडआजी, कासवआप्पा. आणि वानर वारल्यामुळे नाना.

सीमांनी पान लावलं. सीमांनी विचार केला. मग गवातात्यांनी निकाल दिला.

"जमीन कधी हलते का? जमीन आहे तिथेच आहे. पोरांची नजर स्थिर नाही. वडीलधाऱ्यांच्या मागे चालायला शिका, म्हणजे जमीन आपोआप पायाखाली येईल."

"वा!" आजी म्हणाल्या. "लिहून ठेवण्यासारखं बोललात."

घरी, म्हणजे घूसकाकूंच्या बिळात, चंद्रकलानं नानांना समोर बसवलं.

"नाना, तुमचा प्लॉट कुठे आहे?"

"आहे ना. कागद आहे."

"कागद काखेत आहे. प्लॉट कुठे आहे?"

नाना इकडे तिकडे बघायला लागले. चंद्रकलानं बांबूची नळी ओढली, पान बाहेर काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "पूर्वेस सांबरकाका."

"वारले," नाना म्हणाले.

"दक्षिणेस रानडुकरीणमावशी."

"त्याही वारल्या. माघात."

"पश्चिमेस अस्वलअण्णा."

"ते... मुलाकडे असतात. पलीकडच्या जंगलात."

"उत्तरेस?"

"वानर. परवाच गेला." नानांनी डोळे पुसले. ते वानरासाठी होते की प्लॉटसाठी, कळलं नाही.

"म्हणजे तुम्ही फसला होतात," सोपान म्हणाला. पहिल्यांदाच तो नानांकडे बघून बोलत होता. "आणि तुम्हाला माहीत होतं. तरी आमचे काटे उपटायला लावलेत?"

"हळू बोल! लोक ऐकतील. तीस वर्षं जंगल म्हणतं, नानांचा प्लॉट आहे. तुझं लग्न त्यावर जमलं. हिच्या बापानं पहिला प्रश्न काय विचारला? मुलगा कसा आहे, हा नाही. जागा आहे का, हा. खरं सांगितलं असतं तर माझी काय अब्रू राहिली असती?"

"तुमची राहिली," चंद्रकला म्हणाली. "आमची गेली."

"अगं, सगळेच घेतात. मी घेतला, तुम्ही घेतलात. उद्या तुमची पिल्लं घेतील. रीत आहे."

चंद्रकलानं पान परत नळीत कोंबलं आणि नळी नानांच्या हातात दिली. पोटात पिल्लं लाथा मारत होती. ती बहुधा सहमत नव्हती.

दोन दिवस गेले. अमावस्येच्या आदल्या दिवशी घूसकाकूंनी सामान बाहेर ठेवलं. भर दुपारी चंद्रकलाला कळा सुरू झाल्या. सोपान रडकुंडीला आला. "कुठे जायचं आता?"

"आपल्या प्लॉटवर," चंद्रकला म्हणाली आणि जांभळीकडे चालायला लागली.

चारही सीमा सावलीत बसल्या होत्या. आप्पा सोपानच्या काट्यानं दात कोरत होते. चंद्रकला मंडळींच्या मध्ये शिरली. पानाचा डबा उचलून तिनं आजींच्या मांडीवर ठेवला. आणि त्या जागी खोदायला लागली.

"अगं अगं! इथे कुठे?" तात्या ओरडले.

"माझ्या जमिनीत. तुमच्या पश्चिमेला, आजींच्या पूर्वेला. कागद वाचा."

"पण आम्ही बसलोय!"

"बसा ना. तुम्ही हललात तर जमीन हलेल. मी मागून येईन आणि तिथे खोदेन. तुम्ही जिथे टेकाल तिथे मध्ये माझं बीळ. पिढ्यान्‌पिढ्या."

भारद्वाज फांदीवर होता. त्यानं कागद आठवून बघितला. खोट काढण्यासारखी जागा सापडेना. कागद त्यानंच लिहिला होता.

उठायला कुणीच तयार होईना, कारण बाहेर ऊन होतं. मग मंडळींनी तोंड फिरवलं आणि गप्पा सुरू ठेवल्या. खाली खड्ड्यात चंद्रकला कण्हत होती. वर आजकालच्या पिढीला सोसायची सवय कशी नाही, यावर चर्चा चालली होती.

दोन पिल्लं झाली. दोन्ही ठणठणीत. अंगावर ओले, मऊ, पांढरट काटे.

"नातवंडं!" नाना म्हणाले आणि आनंदानं त्यांना झोप लागली.

बाकीच्या तिघांनी खड्ड्यात डोकावून बघितलं.

"मऊ आहेत," कासवआप्पा म्हणाले. "हिरड्यांना बरे. कडक काट्यानं रक्त येतं."

"सीमा म्हणून तीन दिवस बसलोय आपण," आजी म्हणाल्या. "सरकायचा मान वेगळा घ्यायला हवा. निघतानाच काढून घेऊ. लहानपणी दुखत नाही फारसं."

सोपाननं हे ऐकलं. तो बोडक्या पाठीनं बिळाच्या तोंडाशी आडवा झाला. चंद्रकलानं त्याला आत ओढलं आणि कानात म्हणाली, "घूसकाकू काय म्हणाल्या होत्या, आठवतंय? संध्याकाळ होऊ दे."

संध्याकाळ झाली. सावल्या लांबल्या. वाऱ्याला जायची वेळ झाली. कासवआप्पांनी मान लांब केली, खड्ड्यात घातली आणि मऊ काटा समजून कडक काटाच धरला.

त्यांनी जन्मात पहिल्यांदा इतक्या जोरात मान आत घेतली. काट्यासकट.

"काय झालं?" म्हणत आजींनी जीभ आत घातली. ती लगेच बाहेर आली. जिभेवर तीन काटे होते.

"तुम्हाला साधं एक काम जमत नाही," गवातात्या म्हणाले. "मी खड्ड्यावरच बसतो. बाहेर कशी येतात बघू." तात्या बसले. आतून दोन्ही पिल्लांनी पाठ वर केली.

तात्या उठले. ते जे उठले ते पूर्वेकडे पळाले. झाडं मोडत, ओढे ओलांडत, जंगलाचं पूर्वेचं टोक येईपर्यंत पळाले. आजी पश्चिमेला पळाल्या आणि पार कड्यावर चढल्या. आप्पाही दक्षिणेकडे पळाले. त्यांचं पळणं तीन दिवस चाललं होतं.

नाना मात्र जागचे हलले नाहीत. नातवंडांच्या मायेनं नाही. त्यांना झोप लागली होती.

भारद्वाज फांदीवरून बघत होता. त्याचे लाल डोळे हळूहळू पांढरे झाले.

"वहिनी," तो म्हणाला, "पूर्वेस तात्या. तात्या जंगलाच्या टोकाला आहेत. पश्चिमेस आजी. त्या कड्यावर आहेत. म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मधलं सगळं तुमचं."

सकाळी जंगल जागं झालं ते चंद्रकलाच्या प्लॉटवर. पाणवठा तिच्या प्लॉटात. आमराई तिच्या प्लॉटात. घूसकाकूंचं बीळ तिच्या प्लॉटात. भारद्वाजाचं घरटंही तिच्याच प्लॉटात. दक्षिणेकडे तर आप्पा चालत असल्यामुळे प्लॉट दर तासाला वीतभर वाढत होता.

घूसकाकू धावत आल्या. "अगं, माझं घर तुझ्या जागेत कसं?"

"मलाही हाच प्रश्न पडला होता काकू. पंचांना विचारा."

सगळं जंगल पंचांकडे गेलं. जन्मात पहिल्यांदा जंगलानं थोरांना विचारलं, "तुम्ही बसता तरी कशाला?" पूर्वेकडे जाऊन तात्यांना विचारलं. कड्याखाली उभं राहून आजींना ओरडून विचारलं. आप्पांना चालता चालता विचारलं.

"परत या आणि पूर्वीसारखे बसा," लोक म्हणाले.

"या ना," चंद्रकलाही म्हणाली. "जागा ठेवलीय." तिची पिल्लं उलटी फिरून, काटे उभारून, दोन्ही बाजूंना उभी राहिली.

कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गवातात्या लांबवर उभे राहिले. अंगावर माती, शिंगांवर एक मोठा दगड. मागे आजी होत्या, दगड ढकलत. आप्पांच्या पाठीवर कुणीतरी दगड ठेवून दिला होता.

"पोरी," तात्या म्हणाले, "आपल्या पूर्वजांची फार जुनी परंपरा आहे. सीमेला दगड असावा. माणसाचं काय, आज आहे उद्या नाही. मधल्या काळात काही नतद्रष्टांनी ही रीत मोडली."

"कुणी मोडली?" सोपाननं विचारलं.

"नावं घेऊन काय उपयोग," आजी म्हणाल्या. जीभ अजून सुजलेली होती.

चंद्रकलानं पिल्लांना मागे घेतलं. तिनं घेतली होती तेवढीच जमीन मोजली. फक्त जांभळीला मधोमध धरून. सोपाननं स्वतः दगड पुरले. पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला. थोर मंडळी दगडांच्या पलीकडे उन्हात उभी होती. आता त्यांना सावलीला बसायला जागा नव्हती. ती विकत घ्यावी लागली असती.

चौथा दगड उत्तरेचा. नाना अजून बुंध्याशी घोरत होते. सोपाननं त्यांच्या पलीकडे थोडं अंतर सोडून दगड रोवला. शेवटी बाप होता. सावलीत राहू दिला.

चंद्रकलानं त्यांना हलवून जागं केलं.

"नाना, आता उठलात तरी चालेल. जमीन जात नाही."

नानांनी डोळे उघडले. दगड बघितला. मग काखेतली नळी सावरली, सरकत जाऊन दगडाला टेकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले,

"दगडाची कल्पना माझीच. मी तीस वर्षांपासून म्हणतोय."

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, बाळांनो. जागा घेताना त्यांना जरूर बोलवावं आणि अगत्यानं बसवावं. फक्त ते बसतात तिथे आपला एक काटा उभा असू द्यावा. त्याशिवाय त्यांना आपली जुनी, थोर परंपरा आठवत नाही.